दम आणि घड्याळ

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत व इराण या दोन संघांत चालला होता. उभय पक्षांचे गुण २८ असे समसमान झालेले, खेळ संपण्यास अगदी थोडा अवधी उरलेला, आणि भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेलेला. चढाईच्या भरात, कोणासही स्पर्श होण्यापूर्वीच, त्याचे पाऊल मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात पडले; आणि त्याच्या मागोमाग त्यास आवरण्यासाठी धावलेले इराणचे गडीही त्याच पट्ट्यात शिरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे पट्ट्यात पाऊल पडताच चढाई संपते, आणि मागून आलेल्यांचे त्यात काही बिघडत नाही. दुसऱ्या नियमाप्रमाणे झटापटीवाचून पट्ट्यात शिरलेले सर्वच गडी बाद ठरतात. भारतातील व्यावसायिक लीगमध्ये पहिला नियम रूढ होऊन गेला होता. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात दुसरा कायम होता. पंचांनी निर्णय दिला, फिरविला, पुन्हा दिला. गडी मैदानातच ठाण मांडून बसले. आणि जवळजवळ तासभर खेळ बंद राहिला. अखेरीस भारत ३३-२९ असा विजयी झाला.

त्या दिवशी न्याय कोणास मिळाला व अन्याय कोणावर झाला, याचा ऊहापोह वृत्तपत्रांनी त्या वेळी यथेच्छ केला. त्यात भर घालण्याचा आमचा मानस नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. ते दोन संघ काही एकमेकांस अनोळखी नव्हते. इराणचे फझल अत्राचली हे २०१५ साली मुंबईच्या संघातून आपल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरले आणि तेव्हापासून येथल्या प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. त्यांच्यासारखे आणखीही काही इराणी गडी येथेच खेळून नावारूपास आले. म्हणजे दोन्ही नियम दोन्ही पक्षांस ठाऊक होते. असे असूनही, ज्या सामन्यावर सुवर्णपदक अवलंबून, त्यात त्या खेळातील निपुणांसच आपण बाद आहो की जिवंत आहो हे सांगता येईना. न्यायालयात कायद्याचे दोन अर्थ संभवतात आणि त्यांवर वकिलांचा चरितार्थ चालतो, हे आपण जाणतो. परंतु खेळाची गोष्ट तशी नाही. खेळ नियमांच्या बाहेर असतच नाही. नियम दोन झाले म्हणजे खेळ दोन झाले, आणि त्या दिवशी एकाच मैदानावर दोन निरनिराळे खेळ एकमेकांशी भिडले होते, असेच म्हणावे लागते.

हे असे का झाले, याचे कारण उघड आहे. प्रेक्षकांस खेळ सुबोध व्हावा, दूरचित्रवाणीवर तो वेगवान दिसावा, त्यास परदेशांत मागणी यावी, अशा हेतूंनी एका ठिकाणी नियम बदलले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी ते बदलावयाचे राहिले. पुढे हे प्रकार वाढतच जाणार. २०३६ सालच्या ऑलिंपिकचे यजमानपद मागणारे पत्र भारताने २०२४ साली दिले आहे, आणि ते मिळाले तर आपल्या मातीतले खेळ तेथे न्यावे अशी इच्छा सर्वत्र बोलून दाखविली जात आहे. तेव्हा खेळ जगापुढे नेण्यासाठी त्याचे नियम बदलणे उचित आहे काय, आणि असल्यास कोठवर, या प्रश्नाचा विचार आजच करून ठेवणे बरे.

या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, हा खेळ पूर्वजांचा; त्याच्या नियमास हात लावणे म्हणजे वाडवडिलांच्या वाड्याचा खांब कापणे. दुसरा म्हणतो, जुने ते जुने; जगाला रुचेल तसे बदला आणि पुढे चला. पहिल्या पक्षाविषयी आम्हांस ममता वाटते, पण त्याचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कबड्डी प्राचीन असेल; कबड्डीचे नियम प्राचीन नाहीत. महाराष्ट्रात हुतूतू, तमिळ देशात चेडुगुडु, बंगाल्यात हा-डु-डु अशी या खेळाची नावे होती आणि गावोगाव त्याच्या तऱ्हा होत्या. आपल्याकडे तीन प्रकार विशेष प्रसिद्ध होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक मेलेला गडी जिवंत होई. गामिनीत मेलेला गडी मेलाच. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसावयाचे. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राही, फक्त गुण मांडला जाई. तिन्ही प्रकार खेळणाऱ्यांस आपापला प्रकार हाच खरा हुतूतू वाटे, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपल्यापुरते खरेच होते.

पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे, बडोदे, अमरावती येथील व्यायामप्रेमी मंडळींनी या देशी खेळांस नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम हाती घेतले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोकडे लक्ष दिले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने सामने भरविले, आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांची पुस्तके सिद्ध केली. मैदानाची लांबी-रुंदी ठरली, गड्यांची संख्या ठरली, वेळ ठरली. तीन प्रकारांतून संजीवनीची निवड झाली आणि गामिनी व अमर हळूहळू मागे पडले. हे सर्व का करावे लागले? कारण साताऱ्याचा संघ बडोद्यास गेला असता त्याने कोणत्या तऱ्हेने खेळावे हे ठरविणे प्राप्त होते. एका गावापुरता खेळ असतो तोवर लिहिलेल्या नियमाची गरज भासत नाही. दुसऱ्या गावाशी सामना ठरला की नियम लिहावा लागतो, आणि लिहावयाचा म्हणजे कोणाची तरी तऱ्हा टाकून द्यावीच लागते. प्रांताप्रांतांतील स्पर्धेसाठी जे त्या पिढीने केले, तेच आज राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेसाठी करण्याचा प्रसंग आहे. तत्त्वतः दोहोंत भेद नाही. महाराष्ट्राने तर त्या वेळी 'हुतूतू' हे आपले नावच सोडून दिले. ज्या अक्षरांचा उच्चार करीत आपल्या पिढ्यान् पिढ्या प्रतिपक्षाच्या अंगणात शिरल्या, ती अक्षरे टाकून आपण 'कबड्डी' म्हणू लागलो. आमच्या समजुतीने हा त्याग लहानसहान नव्हता, आणि त्यासंबंधी फारसा गलबलाही झाला नाही, हे त्या पिढीस भूषणावह आहे.

यावरून दुसरा पक्ष म्हणेल की, मग झाले तर! पूर्वी बदलले, आता बदलू. परंतु येथेच थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. त्या पिढीने शब्द बदलला, पण त्या शब्दाचे काम बदलले नाही. हुतूतू म्हणा, चेडुगुडु म्हणा, हा-डु-डु म्हणा की कबड्डी म्हणा, ही सर्व नावे मुळात चढाई करणाऱ्याच्या तोंडचे शब्द आहेत. प्रत्येक प्रांताने या खेळास त्याच्या दमावरून नाव दिले. क्रिकेटला बॅटीचे नाव नाही, फुटबॉलला चेंडूचे व पायाचे आहे. पण श्वास टिकला की नाही हे दाखविणाऱ्या उच्चारावरून ज्याचे नाव पडले, असा दुसरा खेळ आम्हांस तरी आठवत नाही. तेव्हा दम हा या खेळाचा कितवा भाग आहे, हे त्याच्या नावातच सांगून ठेविले आहे.

दमाने काय काय होत असे पाहा. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी त्याने दम घ्यावयाचा. प्रतिपक्षाच्या अंगणात असेतो तो सुटू द्यावयाचा नाही. सुटला की बाद. म्हणजे चढाईची मुदत बाहेरच्या कोणी ठरविलेली नसे, ती त्याच्या छातीत असे. जितके खोल जावे तितका दम खर्ची पडे, आणि जाताना खर्चिलेला दम परतीस उपयोगी पडत नसे; म्हणून निदान रेषेपलीकडे टाकलेले प्रत्येक पाऊल हा एक हिशेब असे आणि तो हिशेब धावता धावता, शब्द उच्चारता उच्चारता, मनातल्या मनात करावा लागे. बचाव करणाऱ्यांचाही डाव त्यावरच बसविलेला असे. त्यास हुलकावण्या देत खोल ओढावे, त्याचा शब्द फाटू लागला, सूर चढू लागला, की समजावे आता हा परतणार. नेमक्या त्या क्षणी साखळी आवळावी. चांगला बचावपटू डोळ्यांइतकाच कानांनी खेळे. आणि पकड बसल्यावर जी झुंज चाले तिचा शेवटही दमानेच होई: सात जणांखाली दडपलेला एखादा गडी तोंडातला शब्द न सोडता इंच इंच सरकत मध्यरेषेस बोट लावी, तेव्हा प्रेक्षकांच्या तोंडून जो उद्गार निघे तो त्याच्या ताकदीबद्दल नसे, त्याच्या श्वासाबद्दल असे.

२०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हापासून तीस सेकंदांचे घड्याळ सर्वांच्या दृष्टीसमोर आले. चढाई तीस सेकंदांत संपलीच पाहिजे. त्याचबरोबर, दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा नाही तर बाद व्हा, असाही नियम आला. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर अधिक गुण, असाही आला. या शेवटच्या दोहोंविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी खेळात धीटपणा आणला, आणि हरत आलेल्या संघास लढण्याचे कारण दिले. नियमपुस्तकात दमाची अट अजूनही आहे; कबड्डी हा शब्द स्पष्ट, ऐकू येईल असा म्हटला पाहिजे असे तेथे लिहिले आहे. परंतु हजारो प्रेक्षकांच्या गजरात आणि कर्ण्यांवरील संगीतात तो कोणास ऐकू यावा? एका कामास दोन नोकर ठेविले म्हणजे त्यांतला एक बसून खातो. मुदत सांगण्याचे काम घड्याळाकडे गेल्यावर दमास काम उरले नाही. तो आता लग्नातल्या अंतरपाटासारखा, विधीपुरता धरलेला आहे.

येथे मीमांसकांचा एक भेद आम्हांस उपयोगी वाटतो. यज्ञातील पुरोडाशासाठी भाताचे तूस काढावयाचे असते. ते नखांनी सोलूनही निघेल, दगडावर घासूनही निघेल. परंतु शास्त्र सांगते की, ते उखळात मुसळाने कांडूनच काढावे. अनेक उपाय मोकळे असता त्यांतील एकच घ्यावा, असे जे बंधन त्यास मीमांसक 'नियम' ही संज्ञा देतात. तांदूळ कोणत्याही उपायाने हाती येतील. पण कांडल्याने जे साधावयाचे ते सोलल्याने साधत नाही. खेळाचे वर्म याहून चांगल्या रीतीने कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. कॅनडात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तीही याच वाटेने जाते: सोपा उपाय हाताशी असता तो बुद्ध्या टाकून अवघड उपायाने साध्य गाठण्यास राजी होणे, हा खेळाचा प्राण. प्रतिपक्षाच्या गड्यास शिवून परत यावे, इतकेच साधावयाचे असते तर श्वास रोखण्याचे प्रयोजनच नव्हते. ते प्रयोजन माणसाने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतले, आणि तेथे हुतूतू जन्मास आला.

यास अनुसरून पाहू गेल्यास नियमांत दोन जाती दिसतात. काही नियम उखळाची उंची, मुसळाचा घेर सांगतात. काही कांडलेच पाहिजे असे सांगतात. पहिल्या जातीचे नियम बदलल्याने सोय-गैरसोय होते. दुसऱ्या जातीचा नियम बदलल्याने कर्मच बदलते. मैदान १३ मीटर लांब असावे की त्याहून थोडे कमी, डाव वीस मिनिटांचा असावा की पंधरा, गडी सात असावे की नऊ, पोशाख कोणता असावा, ही पहिली जात. इराणच्या स्त्रिया मस्तक झाकून खेळतात. त्याने कबड्डीचे काय उणे झाले? २०१८ साली जकार्ता येथे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या संघास २७-२४ असे हरवून सुवर्णपदक नेले, आणि त्यांना शिकविणाऱ्या शैलजा जैन या आपल्या नाशिकच्या. ज्यांस पोशाखाचा बदल खुपतो त्यांनी त्या सामन्यातील पकडी आठवाव्या.

मातीच्या ठिकाणी चटई आली, हा बदलही वरवर पाहता पहिल्याच जातीचा; तथापि त्यात एक गोम आहे. १९७५ साली भारताने हॉकीचे विश्वविजेतेपद मिळविले, आणि पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर खेळावे लागताच तो सातव्या क्रमांकावर गेला. त्या घसरणीस इतरही कारणे असतील. परंतु ज्या देशांस अशी मैदाने शेकड्यांनी बांधणे परवडले त्यांचा हात वर झाला, हे कोणी नाकारीत नाही. आपण त्याबद्दल अर्धशतक हळहळत आलो आहो. आता कबड्डीत त्याच जागी आपण बसलो आहो. चटईचा खर्च आपल्या शहरांस जड नाही. पण आपल्याच खेड्यांतल्या संघांस जड आहे, आणि बांगलादेश, नेपाळ, केनिया यांसारख्या देशांतील खेळाडूंस तर आहेच. अंगास खरचटू नये म्हणून चटई हवी, हे खरे. तेव्हा आमचा विरोध नाही. मात्र हॉकीच्या वेळी जो युक्तिवाद आपण केला तो कबड्डीच्या वेळी विसरून जाण्याचा मोह आपणांस होत आहे, तो आवरला पाहिजे.

दमाचा नियम मात्र दुसऱ्या जातीचा आहे, असे आमचे म्हणणे. यावर प्रतिपक्षाचे उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात: गावच्या सामन्यात पंच गावचा, गडी ओळखीचे, शंभर माणसे भोवती, तेथे दम सुटला की सर्वांस कळे. राष्ट्राराष्ट्रांच्या सामन्यात पंच एका देशाचा, गडी दुसऱ्या देशाचा. कोरियाच्या माणसाच्या तोंडी कबड्डी हा शब्द कसा उमटतो हे इराणच्या पंचाने कसे ठरवावे? दम सुटला असे म्हणणे म्हणजे पंचाच्या मर्जीवर पदक टांगणे. घड्याळास देश नाही, आप्तेष्ट नाहीत. ते सर्वांस सारखेच तीस सेकंद देते. समता हवी असेल तर घड्याळ हवे.

हा युक्तिवाद बळकट आहे, आणि केवळ 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हणून तो मोडावयाचा नाही. पण त्यात समता कशाची, हे पाहिले पाहिजे. शर्यतीत सर्वांस एकच अंतर असते, एकच वेळ नसते. वेळ हेच तर जोखावयाचे असते. दम सर्वांचा सारखा नसतो, म्हणूनच तो कमवावा लागे. पहाटेच्या व्यायामाने, मिताहाराने, वर्षानुवर्षांच्या सवयीने जी छाती तयार होई, तिची किंमत घड्याळाने काढून टाकली आणि त्या जागी पायांची चपळाई व खांद्यांचे बळ एवढेच ठेविले. गुण कसोटीने ठरावा आणि कसोटी सर्वांस एकच असावी, ही समता. सर्वांस सारखा अवधी वाटून देणे, ही निराळी. शिवाय दमात एक आणखी गोष्ट होती. आपला श्वास तुटला हे सर्वांच्या आधी ज्याचे त्यास कळते. पंचाने ऐकण्यापूर्वी, प्रतिपक्षाने हात घालण्यापूर्वी, ज्याने चोरटा श्वास घेतला त्याला ते ठाऊक असते. म्हणजे या खेळात एक पंच प्रत्येक गड्याच्या आत बसविलेला होता. त्याची आज्ञा सर्वच पाळीत असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या सामन्यांत दमचोर पुष्कळ असत आणि त्यावरून डोकीही फुटत. परंतु ज्याची चोरी होऊ शकते ती वस्तू तेथे होती. आज ती चोरण्याचीही कोणास गरज उरलेली नाही.

खो-खोत हेच अधिक उघडपणे घडले आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळावयाचे नाही, दोन खांबांमधील पट्टी ओलांडावयाची नाही. पळणाऱ्यास मात्र कसलेही बंधन नाही. एक बांधलेला आणि एक मोकळा, या विषमतेतून सगळा खेळ उत्पन्न होतो. वळता येत नाही म्हणूनच बसलेल्या सोबत्याच्या पाठीस हात लावून 'खो' म्हणावे लागते. आपली अडचण दुसऱ्यास सोपवून आपण त्याच्या जागी बसावयाचे. २०२२ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने यात 'वजीर' आणला. हा वजीर पाठलाग करताना हव्या त्या दिशेने वळू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीतही वजीर होता; वीसच्या आसपास देशांचे संघ आले, आणि पुरुष व स्त्रिया या दोन्ही गटांत अंतिम सामन्यात भारताने नेपाळला हरविले. इतके देश आले याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु ज्यास वळता येते त्यास खो देण्याचे कारण काय? एका गड्यापुरते का होईना, खो-खोतून खो काढून घेतला गेला.

'वजीर' या नावाने मात्र आम्हांस पेचात टाकले, आणि तो पेच वाचकांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे. हे नाव बुद्धिबळातून उचललेले. बुद्धिबळातील वजीर एके काळी अगदीच दुबळा होता. तिरपे एक घर चालण्यापलीकडे त्यास अधिकार नव्हता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजचे बळ मिळाले आणि सगळ्या डावाचे रूपच पालटले. आमच्या व्याख्येप्रमाणे हा दुसऱ्या जातीचा बदल. पण बुद्धिबळ बिघडले असे आज कोण म्हणेल? आपल्याकडेही देशी पद्धतीचे बुद्धिबळ निराळे होते. मीर सुलतान खान त्या देशी पद्धतीत वाढले, विलायतेस गेल्यावर तेथली पद्धत त्यांनी आत्मसात केली, आणि १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी ब्रिटनचे विजेतेपद मिळविले. देशी पद्धत पुढे लोपली, आणि तिच्यासाठी आज कोणी अश्रू ढाळीत नाही. तेव्हा मर्म बदलले म्हणजे खेळ वाईट झालाच, असा सिद्धान्त आम्हांस काढता येत नाही. नवा खेळ जुन्याहून सरसही निघेल. आमचे म्हणणे इतकेच की, तो नवा खेळ असतो. आणि जे तो घडवितात त्यांनी आपण जुन्याचा प्रचार करीत आहो असे म्हणू नये. बुद्धिबळाचा वजीर बलवान झाला तेव्हा तो कोणी जुन्या खेळाच्या नावाने अन्य देशांच्या गळ्यात बांधला नव्हता; लोकांनी तो खेळून पाहिला, त्यांस तो रुचला, आणि जुना डाव आपल्या मरणाने मेला.

आता राहिला प्रश्न अधिकाराचा. नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा? सहज उत्तर येते की, खेळ आमचा, अधिकार आमचा. पण दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची मालकी कितीशी राहते? १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले खेळ करून दाखविले. ते प्रदर्शन होते. दाखविणारे आपण, पाहणारे ते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस पदक मिळाले तेव्हा ते प्रदर्शन संपले आणि देणे सुरू झाले. पुढे २००४ साली मुंबईस, २००७ साली पनवेलला, २०१६ साली अहमदाबादेस विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इराण भारताकडून हरला. आणि २०१८ साली जकार्त्यास कोरियाने आपल्या पुरुषांस गटातील सामन्यात २४-२३ असे आणि इराणने उपान्त्य सामन्यात २७-१८ असे हरविले. आपल्याकडे त्या वेळी शोक झाला. आम्हांस तो विचित्र वाटला. शिष्य जिंकला म्हणजे विद्या पोचली, असे आपण इतर ठिकाणी मानतो. जपानवर हा प्रसंग आपल्या आधी आला. १९६४ साली टोकियोतच, ज्यूडोच्या खुल्या गटाचे सुवर्णपदक हॉलंडच्या अँटन गीसिंक याने नेले. आणि १९९७ साली, प्रेक्षकांस दोघे मल्ल ओळखू यावेत म्हणून एकाने निळा पोशाख घालावा, असा ठराव जपानच्या नापसंतीस न जुमानता आंतरराष्ट्रीय संघटनेने केला. जपानने आपल्या घरच्या मैदानात पांढरा पोशाख ठेविला आणि बाहेर निळा मान्य केला. यात मोठी समज आहे. घरी आपली तऱ्हा, दारी सर्वांची तऱ्हा, आणि दोहोंची गल्लत नाही.

आपण नेमके उलट करीत आहो. बाहेरच्यांच्या सोयीचे नाव सांगून आपण घरच्या लीगमध्ये नियम बदलतो, आणि ज्यांच्या नावे बदलले त्यांस मात्र त्याचा पत्ता सामन्याच्या शेवटच्या मिनिटास लागतो. तीस सेकंदांचे घड्याळ कोरियाने मागितले होते काय? वजीर इंग्लंडने मागितला होता काय? ते आपल्याच प्रेक्षकांच्या व जाहिरातदारांच्या हिशेबाने आले, आणि 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द त्यांवर शालीसारखा पांघरला गेला. व्यावसायिक लीगने पैसा आणला, खेड्यांतील मुलांस घरे बांधता आली, हे थोर काम झाले. त्याचे श्रेय काढून घेणारे आम्ही कोण? पण जे धंद्यासाठी केले ते धंद्यासाठी केले असे म्हणावे.

हांगझोऊच्या प्रकारानंतर निदान एवढे तरी व्हावे की, नियमाचे पुस्तक एकच असावे, त्यातला बदल स्पर्धेच्या बऱ्याच आधी सर्व देशांच्या संमतीने व्हावा, आणि त्या संमतीत भारताचे मत एकच मत धरले जावे. दमासंबंधी आमची सूचना याहून थोडी धीट आहे. ज्या तंत्राने घड्याळ आणले तेच तंत्र दमास परत जागा देऊ शकेल. चढाई करणाऱ्याच्या गळपट्टीस बोटाएवढा ध्वनिग्राहक लाविला आणि त्याचा आवाज पंचाच्या कानी पोचविला, तर कोरियाच्या गड्याचा दम इराणच्या पंचासही ऐकू येईल. शब्दाचा उच्चार कसाही असो, तो अखंड आहे की नाही एवढेच पाहावयाचे. मग घड्याळ राहिले तरी हरकत नाही. सेकंद तीसच्या ऐवजी चाळीस करावे, म्हणजे बहुतेकांचा श्वास घड्याळाच्या आधी संपेल. आणि तोच आवाज प्रेक्षागृहातही सोडावा. संगीत त्या अर्ध्या मिनिटापुरते बंद ठेवावे लागेल. जाहिरातदारांनी तेवढे सोसावे. एखाद्या वर्षी एका गटापुरता हा प्रयोग करून पाहण्यास फारसा खर्च येईल असे आम्हांस वाटत नाही.